बिघाड काढा, संरक्षण काढू नका: गावातल्या जुन्या संगणकासाठी

मायक्रोसॉफ्टने विंडोज 7 चे अपडेट 14 जानेवारी 2020 ला थांबवले आणि विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला. तरी आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी-पांढरकवडा पट्ट्यातल्या सेवा केंद्रांत, शाळांत, वाचनालयांत ते संगणक चालूच आहेत. यंत्र धड आहे आणि नवं घ्यायला पैसा नाही. अशा यंत्रावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टम टाकली, सोबत फायरफॉक्स हा ब्राउझर आणि कागदपत्रांसाठी लिब्रेऑफिस, की ते आणखी काही वर्षं नीट काम देतं. हे काम मी आवडीने करतो, इतरांनाही करायला सांगतो. पण सॉफ्टवेअर टाकून देणं सोपं असतं, अडचणी त्यानंतर येतात. पीक विम्याची मुदत संपत आलेली असते, बाहेर रांग असते आणि केंद्रातला पोरगा फोन करतो, "भाऊ, साइट उघडूनच नाही राहिली. काही सांगा ना लवकर."

अशा घाईत शोधून सापडलेला पहिला उपाय लोक करून मोकळे होतात, आणि माझी काळजी तिथेच आहे. काही उपाय बिघाडाचं कारण दूर करतात. काही उपाय मात्र धोक्याची सूचना देणारी यंत्रणाच बंद करतात. हा दुसरा उपाय केला की साइट उघडते, रांग पुढे सरकते, पण त्या दिवसापासून तो संगणक उघडा पडतो. त्याच संगणकावर गावातल्या माणसांचे आधार क्रमांक, बँक खाती, सातबारे हाताळले जातात. म्हणून पुढची प्रत्येक पायरी करताना एवढं तपासायचं की आपण कारण काढतोय की सूचना दाबतोय.

हात लावण्याआधी

स्क्रीनवरचा संदेश पूर्ण वाचा आणि मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवा. दोन-चार बटणं दाबली की मूळ संदेश परत दिसत नाही. मग विचारा, काल चालत होतं का? मधे काय घडलं? अपडेट आला, कुणी नवं ॲड-ऑन (ब्राउझरला जोडायचं छोटं जादा सॉफ्टवेअर) टाकलं, डिस्क भरली, की लाइन गेली? आपल्याकडे बहुतेक वेळा उत्तर शेवटचंच असतं.

त्यानंतर बिघाड नेमका कुठे आहे ते शोधायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मोडू नका. तीच साइट मोबाइलच्या डेटावर उघडून पाहा. तिथेही उघडत नसेल तर दोष साइटचा आहे, संगणकाला हात लावू नका. मुदतीच्या शेवटच्या दिवशी हे नेहमीचं आहे. मोबाइलवर उघडत असेल तर संगणकाला मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा. आता चालली तर दोष तुमच्या नेहमीच्या जोडणीत आहे. तरीही नाही चालली तर दुसरा ब्राउझर वापरून पाहा.

सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी चाचणी दुसरीच आहे. मिंटमध्ये 'यूजर्स अँड ग्रुप्स' मधून एक नवं खातं तयार करा आणि त्यात शिरून तेच काम करून पाहा. नव्या खात्यात चाललं तर बिघाड जुन्या खात्याच्या सेटिंगमध्ये आहे, सिस्टम ठीक आहे. नव्यातही तेच झालं तर सिस्टमकडे किंवा यंत्राकडे पाहायचं. या एका चाचणीने पुढचं अर्धं काम वाचतं. लोक ती न करता थेट सगळं पुसून नव्याने टाकायला निघतात.

सगळ्या साइट एकदम "असुरक्षित" दिसू लागल्या तर

दहा-बारा वर्षांच्या यंत्रात हा बिघाड फार आढळतो, म्हणून तो सविस्तर सांगतो. मदरबोर्डवर सीआर 2032 नावाचा नाण्याएवढा 3 व्होल्टचा सेल असतो. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो संपला की लाइन जाऊन परत आल्यावर संगणकाची तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग ब्राउझर प्रत्येक साइटवर सर्टिफिकेटचा, म्हणजे साइटच्या ओळखपत्राचा, एरर दाखवतो.

असं का होतं? प्रत्येक सुरक्षित साइटच्या सर्टिफिकेटवर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं नोंदलेलं असतं. संगणकाला वाटतं आज 2012 साल आहे, आणि सर्टिफिकेट तर अजून सुरूच झालेलं नाही. ब्राउझरने थांबवलं ते बरोबरच केलं. सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत सप्टेंबर 2020 पासून 398 दिवसांवर आली आणि ती टप्प्याटप्प्याने कमी होत 15 मार्च 2029 पासून 47 दिवसांवर येणार आहे. मुदत जितकी लहान, तितकं चुकलेलं घड्याळ लवकर नडणार.

इथे लोक 'ॲडव्हान्स्ड' दाबून 'ॲक्सेप्ट द रिस्क' करतात. हा सूचना दाबण्याचा उपाय झाला. त्या दिवशी तुमच्या आणि साइटच्या मधे कुणी बसून तुमचा पासवर्ड वाचत असेल तरी तुम्हाला कळणार नाही, कारण तुम्ही इशारा बघायचंच सोडून दिलेलं असतं. बँकेच्या साइटवर हे कधीही करू नका. पुष्कळशा मोठ्या साइटवर तर ब्राउझर पुढे जाण्याचं बटणच देत नाही, आणि ते योग्य आहे.

नीट उपाय असा. कोपऱ्यातलं घड्याळ बघा, तारीख आणि साल दोन्ही. चूक असेल तर 'डेट अँड टाइम' मध्ये जाऊन वेळ नेटवरून आपोआप घेण्याचा पर्याय चालू करा आणि टाइम झोन 'एशिया, कोलकाता' ठेवा. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. नंतर सवडीने सेल बदला. यंत्र बंद करून प्लग काढायचा, जुना सेल काढायचा, खुणेची बाजू वर ठेवून नवा बसवायचा. हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

घड्याळ बरोबर साडेपाच तास पुढे-मागे असेल तर सेलचा दोष नाही. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असले की असं होतं. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतो, विंडोज स्थानिक वेळ, आणि भारतीय वेळेचा फरक साडेपाच तासांचाच आहे. मिंटमध्ये यंत्राचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवलं की भांडण मिटतं.

तारीख बरोबर आहे आणि एकाच साइटवर एरर येतो, तर त्या साइटचं सर्टिफिकेट संपलेलं असण्याची शक्यता जास्त. थांबा किंवा त्या कार्यालयाला फोन करा. तारीख बरोबर असून सगळ्याच साइटवर एरर येत असेल, तर एररच्या पानावरून सर्टिफिकेट उघडा आणि ते कुणी दिलं ते नाव वाचा. तिथे अँटिव्हायरसचं किंवा अनोळखी नाव दिसलं तर मधे कुणीतरी बसलेलं आहे. ते कोण, हे कळेपर्यंत त्या यंत्रावर लॉगिन करू नका.

लाइन गेल्यानंतर

अपडेट चालू असताना वीज गेली तर पुढच्या वेळी अपडेट मॅनेजर 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड' असं सांगतो. घाबरण्यासारखं काही नाही. त्या संदेशातच पुढे कोणती आज्ञा चालवायची ते लिहिलेलं असतं. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा, ती आज्ञा अक्षर न अक्षर तशीच टाइप करा, पासवर्ड द्या आणि संपेपर्यंत थांबा. पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, ते तसंच असतं. यावर लॉकच्या फाइल हाताने पुसून टाका असा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिसतो. तो घेऊ नका. दुसरा अपडेट खरंच चालू असेल तर त्या लॉकमुळेच पॅकेजची नोंदवही बिघडण्यापासून वाचत असते.

यूजर आणि पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा पुन्हा लॉगिनच्या पडद्यावर परत येत असाल तर बहुधा डिस्क भरली आहे. मिंटमधलं टाइमशिफ्ट सिस्टमच्या जुन्या प्रती जपून ठेवतं. लहान डिस्कवर त्या प्रतीच सगळी जागा खातात. कंट्रोल, आल्ट आणि एफ 3 दाबून मजकुराच्या पडद्यावर जा, लॉगिन करा, टाइमशिफ्टच्या जुन्या प्रती काढा. टाइमशिफ्ट बंद मात्र करू नका. अपडेट फसला तर मागे जायला तेच उपयोगी पडतं. दोन-तीन प्रती पुरेत.

फायरफॉक्स म्हणतो की तो आधीच चालू आहे आणि प्रतिसाद देत नाही? एकदा यंत्र पूर्ण बंद करून चालू करा. जुने बुकमार्क गायब झाले असतील तर बुकमार्कच्या खिडकीत 'इम्पोर्ट अँड बॅकअप' मध्ये 'रिस्टोअर' आहे. फायरफॉक्स स्वतःहून काही दिवसांच्या प्रती ठेवतो, त्यातली एक निवडा.

फायरफॉक्स अडला तर, हलक्या उपायापासून जड उपायाकडे

पहिली पायरी ट्रबलशूट मोडची. मेनूत 'हेल्प', त्यात 'ट्रबलशूट मोड'. पूर्वी याला सेफ मोड म्हणत. यात सगळी ॲड-ऑन, थीम आणि ग्राफिक्सची गती वाढवणारी सोय तात्पुरती बाजूला राहते. या अवस्थेत सगळं नीट चाललं तर दोषी बहुधा या तिघांतच आहे. ॲड-ऑन सगळी बंद करून एकेक चालू करत जा.

खिडकी काळी पडत असेल, पान फाटल्यासारखं दिसत असेल, तर जुनं ग्राफिक्स कार्ड हे कारण असतं. 'सेटिंग्ज' मध्ये 'परफॉर्मन्स' खाली शिफारस केलेली निवड काढा आणि 'हार्डवेअर ॲक्सिलरेशन' बंद करा. यात सुरक्षेचं काही जात नाही, फक्त व्हिडिओ थोडा जड चालेल. बंद केलं तरी चालतं अशी ही गोष्ट आहे, म्हणून मुद्दाम सांगितली.

संगणक रखडत असेल तर शिफ्ट आणि एस्केप दाबा. कोणता टॅब आणि कोणतं ॲड-ऑन किती मेमरी खातंय त्याची यादी येते. क्रोममध्येही हीच बटणं. 4 जीबीच्या यंत्रावर टॅब मोजके ठेवावेच लागतात. मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घेतली तर बाकीचा भार कमी होतो. आणि मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर गेला की पंख्यात अडकलेली धूळ आणि कापसाचे तंतू यांनी प्रोसेसर तापतो व स्वतःची गती उतरवतो. तो सॉफ्टवेअरचा दोष नव्हे, पंखा साफ करा.

ट्रबलशूट मोडमध्येही दोष राहिला तर नवं प्रोफाइल तयार करा. प्रोफाइल म्हणजे तुमचे बुकमार्क, पासवर्ड, कुकी (साइटने यंत्रात ठेवलेल्या छोट्या नोंदी) आणि सेटिंग यांचं फोल्डर. जुनं न पुसता नवं तयार होतं, म्हणून गमावण्यासारखं काही नाही. नव्यात चाललं तर हळूहळू बुकमार्क तिकडे न्या. 'रिफ्रेश फायरफॉक्स' हे बटण त्यानंतर वापरायचं. ते ॲड-ऑन आणि बदललेली सेटिंग काढतं, बुकमार्क आणि पासवर्ड ठेवतं, आणि जुना डेटा डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये टाकतं. त्या फोल्डरमध्ये पासवर्डही असतात हे विसरू नका. काम झालं की ते काढा.

फायरफॉक्स काढून पुन्हा टाकणं सर्वात शेवटी. बहुतेक वेळा त्याचा उपयोगही होत नाही, कारण प्रोफाइल तसंच मागे राहतं आणि बिघाडही त्याच्यासोबत.

सगळी ॲड-ऑन एकदम बंद पडली तर काय? 4 मे 2019 ला फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं, ॲड-ऑनवरची सही तपासायला लागणारं एक मधलं सर्टिफिकेट संपलं आणि जगभरच्या फायरफॉक्समधली ॲड-ऑन एका झटक्यात बंद झाली. 14 मार्च 2025 ला एक मूळ सर्टिफिकेट संपलं. त्याचा फटका आवृत्ती 128 किंवा ईएसआर (लांब मुदतीची शाखा) 115.13 याहून जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांना बसला. दोन्ही वेळी उपाय एकच होता, नवी आवृत्ती घेणं. पण दोन्ही वेळी सहीची तपासणीच बंद करण्याची युक्ती लोकांनी एकमेकांना सांगितली. तपासणी बंद ठेवली की कोणीही बनवलेलं, कोणीही न तपासलेलं ॲड-ऑन तुमच्या बँकेच्या पानावर बसू शकतं.

चार उपाय जे करू नयेत

क्रोम किंवा क्रोमियम उघडत नाही तेव्हा 'नो सँडबॉक्स' हा शब्द जोडून चालवा, असा सल्ला मिळतो. याच्या मागचं कारण समजून घ्या. आजचा ब्राउझर प्रत्येक साइटचा कोड वेगळ्या, हात-पाय बांधलेल्या प्रक्रियेत चालवतो. साइटने घात करायचा प्रयत्न केला तरी तिला तुमच्या फाइलपर्यंत पोचता येऊ नये, म्हणून. तो बांध म्हणजे सँडबॉक्स. तुम्ही रूट (यंत्रावर सगळे अधिकार असलेलं खातं) म्हणून क्रोम चालवायला गेलात तर क्रोम नकार देतो आणि नकाराच्या संदेशातच या पर्यायाचं नाव येतं. लोक ते वाचून तोच शब्द जोडतात. संदेशाचा खरा अर्थ आहे, रूट म्हणून ब्राउझर चालवू नका. साध्या खात्यात जा, काम होईल. मिंट ज्या उबुंटू लिनक्सवर बेतलेला आहे, त्याच्या 24.04 आवृत्तीत सिस्टमनेच काही निर्बंध कडक केले, त्यामुळे बाहेरून उतरवलेली ॲपइमेज (न बसवता थेट चालवायची सॉफ्टवेअरची फाइल) कधी याच कारणाने उघडत नाहीत. तिथेही तोच शब्द जोडण्यापेक्षा ते सॉफ्टवेअर उबुंटूच्या किंवा मिंटच्या स्वतःच्या भांडारातून, म्हणजे सॉफ्टवेअर मॅनेजरमधून, घ्या.

दुसरा नको असलेला उपाय म्हणजे 'सुडो' (रूटचे अधिकार देणारी आज्ञा) लावून फायरफॉक्स उघडणं. एकदा उघडतो, पण प्रोफाइलमधल्या फाइलची मालकी बदलू शकते आणि नंतर साध्या खात्यातून तो उघडायलाच तयार होत नाही.

तिसरा, अपडेट बंद करणं. "अपडेटमुळे डेटा संपतो" ही तक्रार खरी आहे, मोबाइलच्या पॅकवर चालणाऱ्या केंद्राला ती परवडत नाही. पण अपडेट बंद करण्याऐवजी वेळ ठरवा. रात्रीची वेळ धरा, किंवा आठवड्यातून एकदा चांगली जोडणी असलेल्या ठिकाणी यंत्र न्या. सप्टेंबर 2023 मध्ये वेबपी या चित्रप्रकाराच्या लायब्ररीत मोठी चूक सापडली. नुसतं एक चित्र दिसलं तरी यंत्र ताब्यात जाऊ शकेल अशी ती होती, आणि क्रोम व फायरफॉक्स दोघेही तीच लायब्ररी वापरत होते. गूगलने 11 सप्टेंबरला आणि मोझिलाने 12 सप्टेंबरला दुरुस्ती दिली. ज्यांचं अपडेट बंद होतं त्यांच्यापर्यंत ती पोचलीच नाही.

चौथा लिब्रेऑफिसचा. एखादा फॉर्म मॅक्रोशिवाय (फाइलच्या आतल्या छोट्या प्रोग्रामशिवाय) चालत नाही म्हणून मॅक्रोची सुरक्षा 'लो' करतात. ती 'हाय' वरच राहू द्या आणि त्या एका फॉर्मचं फोल्डर 'ट्रस्टेड सोर्सेस' मध्ये विश्वासू जागा म्हणून जोडा.

लिब्रेऑफिस आणि मराठी कागद

लिब्रेऑफिस उघडताच बंद होत असेल तर तिथेही 'हेल्प' मध्ये 'रिस्टार्ट इन सेफ मोड' आहे. त्यात मागच्या चांगल्या अवस्थेत परतणं, एक्स्टेंशन बंद करणं, आणि शेवटी सगळं मूळ अवस्थेत आणणं असे पर्याय याच क्रमाने मिळतात. फाइल फक्त वाचण्यापुरती उघडत असेल तर मागच्या वेळी वीज गेल्याने लॉकची लपलेली फाइल तिथेच राहिली असेल. दुसरं कुणी ती फाइल वापरत नाही याची खात्री करून ती काढा.

लाइनचा भरवसा नाही, म्हणून आजच दोन सेटिंग बदला. 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'लोड/सेव्ह', 'जनरल' मध्ये ऑटोरिकव्हरीची वेळ 10 मिनिटं असते, ती 2 करा. त्याच ठिकाणी नेहमी बॅकअप प्रत ठेवण्याचा पर्याय आहे, तोही चालू करा.

आता फॉन्टचा प्रश्न. ग्रामपंचायतीचा जुना ठराव उघडला आणि मराठीऐवजी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसला, तर फाइल खराब झालेली नाही. कृतिदेव, शिवाजी, डीव्हीबी-टीटी सुरेख हे फॉन्ट युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांसाठीच्या आजच्या सामाईक पद्धतीच्या) आधीच्या पद्धतीचे. आत रोमन अक्षरंच साठवलेली असतात, फक्त फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. फॉन्ट नसला की आतलं उघडं पडतं. तुमच्याकडे रीतसर असलेला फॉन्ट जुन्या यंत्रातून फाइलच्या रूपात आणून बसवा. 'मोफत फॉन्ट' म्हणून इन्स्टॉलर देणाऱ्या साइटवरून काहीही उतरवू नका. फॉन्ट बसवायला इन्स्टॉलर लागतच नाही.

कायमचा उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलणं. त्यासाठी वेबवर रूपांतर करणारी पानं आहेत, पण तुम्ही तिथे काय चिकटवता ते पाहा. ठरावाचा मजकूर एक वेळ ठीक, पण घरकुलाच्या लाभार्थ्यांची खाते क्रमांकासकट यादी अनोळखी साइटवर टाकायची नाही. नावं-आकड्यांचे रकाने वेगळे ठेवा, मजकूर तेवढा बदला.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगाविशी वाटते. लिब्रेऑफिसमध्ये मराठी टाइप केलं तरी 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात, आणि लोक फॉन्टला नावं ठेवतात. नोटोसारख्या पुष्कळ फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरं असतात. मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला कळलं तरच ती वापरली जातात. 'ऑप्शन्स' मधल्या भाषांच्या भागात 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' ची भाषा मराठी निवडा. आपल्या शाळेच्या प्रश्नपत्रिकेत आपला 'ल' दिसावा, एवढी काळजी घ्यायलाच हवी.

प्रिंटरबद्दल थोडक्यात. यूएसबीच्या नव्या प्रिंटरपैकी बरेच लिनक्समध्ये ड्रायव्हर न टाकता चालतात. पण आपल्या झेरॉक्सच्या दुकानांत सर्रास दिसणारा कॅनन एलबीपी 2900 कंपनीच्या स्वतःच्या सीएपीटी पद्धतीवर चालतो आणि लिनक्सवर त्रास देतो. काही जुन्या एचपी लेझरना एचपीचं वेगळं प्लगिन लागतं. बोटाच्या ठशाचं यंत्र आणि डिजिटल सहीचं टोकन यांचंही आधी तपासून घ्या. यांपैकी काही रोज लागत असेल तर चालू आधार असलेला विंडोजचा एक संगणक तेवढ्यासाठी ठेवा आणि बाकीचे मिंटवर न्या. सगळं एकाच वेळी बदलण्याचा हट्ट नको.

कोणता ब्राउझर घ्यावा

सुरक्षा आणि खासगीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्याच तोलायच्या. कुणी परका आत शिरू शकतो का, हा सुरक्षेचा प्रश्न. ब्राउझर बनवणारा स्वतः तुमच्याबद्दल काय जमवतो, हा खासगीपणाचा.

सुरक्षेत माझ्या मते सगळ्यात वरचा निकष अपडेट वेळेवर येतात का, हा आहे. त्यानंतर सँडबॉक्स आणि साइट एकमेकींपासून वेगळ्या ठेवण्याची सोय. जानेवारी 2018 मध्ये स्पेक्टर हा प्रोसेसरमधला दोष जाहीर झाला आणि एका टॅबमधली साइट दुसऱ्या टॅबमधलं वाचू शकेल हे स्पष्ट झालं. क्रोमने त्याच वर्षी साइट वेगळ्या प्रक्रियांत ठेवायला सुरुवात केली. फायरफॉक्सने तेच 2021 च्या शेवटी सगळ्यांना दिलं. या बाबतीत क्रोम पुढे होता, हे मान्य करायला हवं. आज दोन्ही रोजच्या कामाला पुरेसे भक्कम आहेत.

खासगीपणात माझं पारडं फायरफॉक्सकडे झुकतं. साइटगणिक कुकी वेगळ्या बरणीत ठेवण्याची सोय त्यात मुळातच चालू असते, आणि यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती रोखणारं ॲड-ऑन त्यात पूर्ण ताकदीने चालतं. क्रोमने ॲड-ऑनचे नियम बदलल्यावर तिथे त्याची फक्त हलकी आवृत्ती उरली. गावात याला मोल आहे, कारण जाहिरात थांबली की डेटा वाचतो आणि 'तुमचा ब्राउझर जुना झाला, इथे दाबा' छापाचे फसवे चौकोनही फारसे दिसत नाहीत.

क्रोमियम, म्हणजे क्रोम ज्यावर उभा आहे तो ब्राउझर, मुक्त स्रोत आहे (त्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो), क्रोम नाही. पण विंडोजवर नुसता क्रोमियम उतरवून वापरू नका, तो स्वतःला अपडेट करत नाही. मिंटवर तो भांडारातून येतो, तिथे प्रश्न नाही. मिंटमध्ये फायरफॉक्सही साध्या पॅकेजच्या रूपात येतो. उबुंटूमध्ये 22.04 पासून तो स्नॅप या बंदिस्त पॅकेजमध्ये येतो. स्नॅपचं जादा कुंपण सुरक्षेला चांगलंच, पण सहीच्या टोकनचं मॉड्यूल जोडताना तेच आडवं येतं. टोकन चालत नाही म्हणून कुठलीही सेटिंग सैल करण्याआधी आपला फायरफॉक्स स्नॅपचा आहे का ते तपासा.

विंडोज 7 वर अजूनही असाल तर क्रोम 109 वर थांबला आहे, आणि फायरफॉक्सची त्यासाठीची शेवटची शाखा 115 ईएसआर. दोन्हीवर बँकेचं काम करू नका.

मुक्त स्रोत आहे म्हणून आपोआप सुरक्षित, असंही नाही. 'द ग्रेट सस्पेंडर' हे लोकप्रिय ॲड-ऑन मुक्त होतं. 2020 मध्ये ते नव्या मालकाकडे गेलं आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलने त्यात घातक कोड असल्याचं सांगून ते बंद केलं. ॲड-ऑन तेच, माणूस बदलला. म्हणून ॲड-ऑन मोजकी ठेवा. माझ्या शिफारशीत एकच आहे, यूब्लॉक ओरिजिन. बाकीच्यांसाठी आधी कारण सांगता आलं पाहिजे.

अनेकांच्या हाताखालचा संगणक

सेवा केंद्रात किंवा वाचनालयात एकाच खात्यावर सगळे बसतात, आणि कुठल्याही ब्राउझरची सुरक्षा तिथेच संपते. त्या खात्यात बसलेला कोणीही जतन केलेले पासवर्ड पाहू शकतो. ग्राहकांसाठी वेगळं खातं ठेवा, कार्यालयाच्या कामासाठी वेगळं. ग्राहकांच्या खात्यात पासवर्ड जतन करणं बंद करा आणि ब्राउझर बंद होताच कुकी आणि इतिहास पुसला जाईल असं सेटिंग ठेवा. कार्यालयाच्या खात्यात फायरफॉक्सचा 'प्रायमरी पासवर्ड' लावा. प्रायव्हेट विंडोत इतिहास राहत नाही, पण उतरवलेली फाइल राहते. काकाजींचं आधार उतरवून छापलं आणि ते निघून गेले, पण फाइल 'डाउनलोड्स' मध्ये पडून राहिली, हे रोज घडतं. दिवसाच्या शेवटी ते फोल्डर रिकामं करा, आणि कचरापेटीही.

मदत मागताना

एवढं करूनही अडलात तर विचारायला लाजू नका, पण पूर्ण विचारा. सिस्टमचं नाव आणि आवृत्ती, सॉफ्टवेअरची आवृत्ती, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं आणि संदेशाचा फोटो. नव्या प्रोफाइलमध्ये व नव्या खात्यात तोच दोष येतो का, हेही लिहा. त्यावरून सांगणाऱ्याला निम्मं कळतं. फायरफॉक्समध्ये 'हेल्प' खाली 'मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' या पानावर ही सगळी माहिती एकत्र मिळते आणि एका बटणाने कॉपी होते. फोटोत कुणाचा आधार क्रमांक, खाते क्रमांक किंवा मोबाइल दिसत असेल तर पाठवण्याआधी तो भाग झाका.

फोनवरून "मी दुरुस्त करून देतो, हे ॲप टाका आणि कोड सांगा" म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला संगणकाचा ताबा देऊ नका. दिलाच गेला असेल तर आधी नेटची वायर काढा, दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदला, बँकेला कळवा, आणि पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावा.